आधी प्रश्न वाच

खंडेनवमीला आमच्या घरी तीन वस्तूंची पूजा होते. ह्यांचा पाने-पकडींचा पत्र्याचा डबा, माझी विळी आणि नानांचा कॉम्प्युटर. पहिल्या दोन पाटावर मावतात. कॉम्प्युटर आपला कोपऱ्यातल्या टेबलावर बसूनच हळदकुंकू आणि झेंडूचं फूल स्वीकारतो. मग मी त्याची पिन भिंतीत खोचते, बटण दाबते. काळ्या पडद्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं येतात आणि सगळ्यात खाली लिहिलेलं असतं की पुढे जायचं असेल तर एफ-१ दाबा. मी दाबते. थोड्या वेळाने हिरवी टेकडी आणि निळं आकाश दिसतं, सगळ्यांना बरं वाटतं आणि मी तो बंद करून टाकते, पुढच्या नवमीपर्यंत.

असं आठ-नऊ वर्षं चाललं होतं. एफ-१च्या वर काय लिहिलेलं असतं ते मात्र मी कधी वाचलं नाही.

नाना म्हणजे माझे सासरे. साताऱ्याजवळच्या एका गावातल्या हायस्कुलात गणित शिकवून १९८३ साली निवृत्त झाले. ह्यांची नोकरी जयपूरला. सासूबाई गेल्यावर, १९९७ मध्ये, नाना आमच्याकडे राहायला आले. तेव्हा ते ७२ वर्षांचे होते. भाषा अर्धवट, ओळखीचं कुणी नाही, बाजरीची भाकरी सोडली तर जेवण पसंत नाही. मला काळजी वाटायची, यांचा वेळ जायचा कसा? आणि एके दिवशी नानांना जंतरमंतर सापडलं.

सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात बांधलेली ही वेधशाळा परगावचे लोक अर्ध्या तासात बघून, फोटो काढून हवामहालाकडे वळतात. नाना तिथे तासन्‌तास बसत. त्यांचं लाडकं म्हणजे सम्राट यंत्र. सुमारे २७ मीटर उंच दगडी जिना, त्याच्या दोन्ही अंगांना अर्धचंद्रासारखे उतरते पट्टे आणि त्या पट्ट्यांवरून सरकणारी सावली. जिन्याचा उतार २७ अंशांचा, कारण जयपूरचे अक्षांश तेवढेच. त्यामुळे जिन्याची धार बरोबर ध्रुवताऱ्याकडे रोखलेली. सावली सेकंदाला सुमारे एक मिलिमीटर सरकते. डोळ्यांनी चालताना दिसते! नाना तिची वेळ वहीत मांडत आणि मनगटावरच्या घड्याळाशी ताडून बघत. घरी आले की म्हणत, “सूनबाई, या घड्याळाला चावी नाही, सेल नाही. फक्त वाचता आलं पाहिजे.”

साताऱ्याच्या नातवंडांना हे सगळं समजावून सांगायचं म्हणून त्यांनी पुस्तक लिहायला घेतलं. अक्षर थरथरायला लागलं होतं, म्हणून २००३ साली ह्यांनी कॉम्प्युटर आणला. वयाच्या ७८व्या वर्षी नाना मराठी टंकलेखन शिकले. एका बोटाने, पण शिकले. सोबत मराठीचा प्रोग्रॅम आणि मागे प्रिंटरच्या खाचेत बसवायचं एक चपटं खोकं. त्याला म्हणतात डोंगल. ते लावल्याशिवाय तो प्रोग्रॅम चालत नसे. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

पहिल्याच महिन्यात कॉम्प्युटर बंद पडला. पडद्यावर काहीतरी इंग्रजी वाक्य येऊन थबकायचा. ह्यांनी दोन थपडा मारून पाहिल्या. दुकानातला माणूस येणार दोन दिवसांनी. नानांनी चष्मा लावला, शब्दकोश घेतला आणि वाक्य वाचलं. त्यात ‘डिस्क’ असा शब्द होता. ते खाली वाकले आणि खाचेत राहिलेली फ्लॉपी त्यांनी काढून घेतली. कॉम्प्युटर सुरू झाला. यंत्र बिचारं त्या फ्लॉपीत विंडोज शोधत बसलं होतं. “गणित सुटत नाही म्हणून पोरं रडतात,” नाना म्हणाले, “आणि प्रश्नच वाचलेला नसतो. आधी प्रश्न वाच!” त्या दिवसापासून त्यांनी कॉम्प्युटरचीही एक वही केली. तिच्या पहिल्या पानावर लिहिलं, ‘एका वेळी एकच बदल. नोंद करणे.’

नाना २०१२ मध्ये गेले. पुस्तकाचे अकरा धडे कॉम्प्युटरमध्ये होते. छापू, छापू म्हणता राहून गेलं. घरात लॅपटॉप आला, मोबाइल आले आणि नानांचा कॉम्प्युटर खंडेनवमीपुरता उरला.

२०२५च्या एप्रिलमध्ये साताऱ्याहून वन्संचा फोन आला. “वहिनी, यंदा नानांची शंभरी. पुस्तक छापायचं. धडे पाठवून दे.” मी म्हटलं, त्यात काय, उद्या पाठवते.

दुसऱ्या दिवशी बटण दाबलं. एफ-१ आलं, दाबलं. हिरवी टेकडी यायच्या आत निळा पडदा आला, त्यावर पांढरी अक्षरं, आणि कॉम्प्युटर आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झाला. मग तेच. शेजारचा मुलगा इंजिनिअरिंगला आहे, त्याला बोलावलं. “आंटी, दो मिनिट का काम है,” म्हणत त्याने झाकण उघडलं. ही पट्टी काढ, ती इकडे लाव, बॅटरी काढ, केबल उपटून पुन्हा बसव असं अर्धा तास चाललं. शेवटी एफ-१ही येईना. पडदा काळा आणि आतून लांब शिट्टी. त्याची परीक्षा होती, तो गेला.

मग रिक्षात घालून तो शहरातल्या एका दुकानात नेला. तिथल्या माणसाने झाकणही उघडलं नाही. ५०० रुपये देतो, कीबोर्डसकट इथेच ठेवून जा, म्हणाला. ह्यांना ते पटलं होतं, खोटं कशाला सांगू! मी मात्र रिक्षा फिरवायला लावली. परतीच्या वाटेवर आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नाही.

रात्री पुण्याहून मुलाचा व्हिडिओ कॉल आला. सगळं ऐकून तो म्हणाला, “आई, नानांची वही आहे ना? ती काढ.” वही देवघराखालच्या कप्प्यात होती. १२ ऑगस्ट २००६ची नोंद अशी, ‘सुरू होत नाही. लांब शिट्टी. स्मृतिपट्टी काढून टोक खोडरबराने पुसले. सुरू.’

स्मृतिपट्टी म्हणजे रॅम. कॉम्प्युटर सुरू होताना आधी स्वतःचीच तपासणी करतो. रॅम सापडली नाही तर पडद्यावर सांगायलाही त्याच्याजवळ काही उरत नाही, म्हणून तो शिट्टी वाजवतो. प्रत्येक कंपनीच्या शिट्टीची भाषा निराळी असते. पट्टीच्या सोनेरी दातांवर वर्षांनुवर्षांत मळ बसतो आणि खाचेत नीट संपर्क होत नाही. मुलाने बजावलं, पिन भिंतीतून काढ आणि आत हात घालण्याआधी नळाला हात लाव. जयपूरच्या कोरड्या हवेत साडी झटकली तरी चटचट आवाज येतो. ती वीज आपल्याला फक्त चिमटा काढते, पण रॅमचा जीव घेऊ शकते. मी नातवाचं खोडरबर घेतलं, दात पुसले, पट्टी दोन्ही बाजूंनी टक् असा आवाज येईपर्यंत दाबली. शिट्टी थांबली. एफ-१ आलं! वयाच्या साठीत मला इतका आनंद कशाचाच झाला नव्हता. वहीत नानांच्या नोंदींच्या खाली माझी पहिली नोंद झाली.

पडद्यावर तारीख होती १ जानेवारी २००२. “वा, तेवीस वर्षांनी तरुण झालो,” हे म्हणाले. आतल्या घड्याळाला नाण्यासारखी एक बॅटरी असते, सीआर २०३२. नावातच तिची मापं आहेत, २० मिलिमीटर रुंद आणि ३.२ जाड. कॉम्प्युटर भिंतीला जोडलेला असला तर तिच्यावर फारसा भार पडत नाही. वर्षभर पिन काढून ठेवली की बिचारी एकटीच घड्याळ चालवत राहते आणि संपते. दुसऱ्या दिवशी नवी आणली, तारीख लावली. ती टिकली.

एफ-१ मात्र तरीही आलंच. मला वाटत होतं, ते बॅटरीसाठी होतं. बॅटरी बदलली, तरी येतं? मी ह्यांना म्हटलं, “सवय लागलीय त्याला.” इथे थांबायला हवं होतं. इथेच चष्मा लावून वर काय लिहिलंय ते वाचायला हवं होतं.

तिसऱ्या दिवशी मी पंख्याकडे वळले. मे महिन्यात इथे आंधी येते तेव्हा दारं-खिडक्या बंद असल्या तरी ताटात वाळू सापडते. प्रोसेसरच्या पंख्याखाली ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांची एक वीट असते, उष्णता बाहेर टाकण्यासाठी. त्या पात्यांच्या मधे धुळीचा अक्षरशः नमदा बसला होता. त्यात कुंकू. आणि वाळलेली झेंडूची पाकळी! मी भक्तिभावाने वाहत होते ते कुठे जात होतं, तेही कळलं. प्रोसेसर आणि त्या विटेच्या मधली पेस्ट वाळून चुन्याच्या पापुद्र्यासारखी झाली होती. ती पुसून नवी लावली. प्रोसेसर फार तापला तर जळू नये म्हणून यंत्र स्वतःला बंद करून घेतं, असं मुलाने सांगितलं होतं. मला वाटलं, आता झालंच.

बटण दाबलं. विंडोजची खूण आली, आणि अडकला. पुन्हा दाबलं. निळा पडदा. पुन्हा. मी त्या दुपारी त्याला दहा-बारा वेळा तरी सुरू केलं असेल. चिकाटीचा मला अभिमान वाटत होता. शेवटच्या दोन-तीन वेळा आतून नवाच आवाज येऊ लागला, टक्... टक्... टक्. जिना उतरणाऱ्या काठीसारखा.

मुलाला फोनवर आवाज ऐकवला. तो क्षणभर गप्प झाला. म्हणाला, “आई, पिन काढ. आत्ता काढ. आणि आता हात लावू नकोस.”

एम. आय. रोडवरच्या जयंती मार्केटच्या आसपास कॉम्प्युटरची दुकानं आहेत. तिथल्या एका गल्लीत, जिन्याखाली, डाख देण्याची इस्त्री घेऊन बसणारे एक वयस्क कारागीर आहेत, असं कुणीतरी सांगितलं. गेले. त्यांनी कॉम्प्युटरकडे न बघता मला विचारलं, “बहनजी, इसमें है क्या?”

हे आतापर्यंत कुणीच विचारलं नव्हतं. मी सांगितलं. नाना, जंतरमंतर, अकरा धडे. त्यांनी एकदाच बटण दाबलं, पडद्यावरची अक्षरं वाचली आणि लगेच पिन खेचली. मग मला सावकाश समजावलं. एफ-१च्या वर लिहिलेलं होतं, ‘हार्ड डिस्क, स्मार्ट स्टेटस बॅड, बॅकअप अँड रिप्लेस.’ हार्ड डिस्क स्वतःच्या दुखण्यांचा हिशेब स्वतःच ठेवते. तो हद्दीबाहेर गेला की यंत्र सुरुवातीलाच सांगतं, माझं काही खरं नाही, आतलं सामान काढून घ्या आणि मला बदला. हे वाक्य मी हळदकुंकू वाहून, दरवर्षी, एफ-१ दाबून पुढे ढकललं होतं.

डिस्कच्या आतली तबकडी मिनिटाला ७२०० वेळा फिरते आणि तिच्यावर, न टेकता, वाचणारी सुई तरंगते. आजारी डिस्कला पुन्हा पुन्हा सुरू करणं म्हणजे मोडल्या पायाच्या माणसाला पुन्हा पुन्हा जिना चढायला लावणं. मी ते दहा-बारा वेळा केलं. कारागिरांनी मला दोष दिला नाही. “सब यही करते हैं,” एवढंच म्हणाले. त्यांनी डिस्क काढली, दुसऱ्या यंत्राला लावली आणि तिच्यात जे जे वाचता येईल त्याची नक्कल एका दुसऱ्या जुन्या डिस्कवर उतरवायला सुरुवात केली. अडला भाग सोडून पुढे जायचं, मग मागे येऊन अडलेल्याकडे बघायचं. तीन दिवस लागले.

नऊ धडे पूर्ण आले. दहाव्याचा शेवट गेला. अकरावा आलाच नाही.

नानांनी फ्लॉप्यांवरही नकला ठेवल्या होत्या. त्या मीच एका दिवाळीच्या आवराआवरीत रद्दीवाल्याला दिल्या होत्या. त्याबद्दल वन्संना अजून सांगितलेलं नाही, आता वाचतीलच.

आलेले धडे मुलाला पाठवले तर त्याचा फोन, “आई, हे मराठी नाहीये.” खरंच. टोपी घातलेली इंग्रजी अक्षरं, उलटी प्रश्नचिन्हं, पौंडाच्या खुणा. मी हबकलेच. पण हे काही डिस्कचं दुखणं नव्हतं. त्या काळच्या बऱ्याच मराठी प्रोग्रॅमांत आतून अक्षरं परकीच साठवली जात आणि त्या त्या कंपनीचा फाँट त्यांना मराठी वेश चढवी. फाँट नसला की वेश उतरतो. आजचं युनिकोड तसं नाही, त्यात ‘क’ हा सगळीकडे ‘क’च असतो. तुमच्याही घरी त्या काळात कुणी मराठीत काही टाइप करून ठेवलं असेल, एखादी वंशावळ, आठवणी, भजनांची वही, तर आजच उघडून बघा. उघडत असेल तोवर छापून घ्या आणि युनिकोडमध्ये करून घ्या.

तेव्हा नानांचे धडे नीट वाचायचे तर नानांचाच कॉम्प्युटर हवा होता, त्याच्या फाँटसकट आणि त्या डोंगलसकट. डोंगल अजून मागे तसंच लटकत होतं. कारागिरांनी मदरबोर्ड उजेडात धरून मला दाखवला. त्यावर नळकांड्यांसारखे छोटे कपॅसिटर उभे असतात, विजेच्या टाक्याच म्हणा. त्यांची डोकी सपाट हवीत. सात जणांची डोकी भाकरीसारखी फुगली होती, एकातून तपकिरी चीक आला होता. २०००च्या पुढच्या काही वर्षांत जगभर असे सदोष कपॅसिटर लाखो यंत्रांत गेले होते, त्यातलेच हे असावेत, असं ते म्हणाले. टाकीच फुगली तर प्रोसेसरला स्थिर वीज कुठून मिळणार? निळ्या पडद्यांची कारणं दोन होती, एक डिस्क आणि दुसरं हे. म्हणून तर एक दुरुस्त करून भागत नव्हतं. त्यांनी सातही बदलले, डाख दिला, नक्कल केलेली डिस्क बसवली. वीज पुरवणारी पेटी, एसएमपीएस, मात्र त्यांनी उघडली नाही, नवीच लावली. पिन काढल्यावरही तिच्यात जिवावर बेतेल इतकी वीज राहू शकते. घरी तर तिला कुणी हातच लावू नये. सगळे मिळून १८०० रुपये झाले.

घरी येऊन बटण दाबलं. नानांचा पहिला धडा उघडला. पहिलंच वाक्य नातवंडांना उद्देशून होतं. हे खुर्चीमागे उभे होते, त्यांनी चष्मा काढून पुसला. मीही वाचू शकले नाही लगेच.

राहिला अकरावा धडा. त्याचं टिपण जंतरमंतरच्या वहीत होतं, दोन पानं, नुसते आकडे आणि खुणा. सावलीची वेळ आणि आपल्या घड्याळाची वेळ यांत फरक का पडतो, असा विषय. मी आयुष्यभर गणिताला घाबरलेली बाई. तरी रोज दुपारी ती दोन पानं घेऊन बसत होते. एका वेळी एकच ओळ. भारताची प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची, जयपूर ७५.८ वर. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं. म्हणजे आमच्याकडचा सूर्य सुमारे २७ मिनिटं मागे. त्यावर पृथ्वीच्या तिरप्या, लांबट फिरण्यामुळे आणखी थोडी कमी-जास्त. पण वर्षात चार वेळा ती कमी-जास्त शून्यावर येते. त्यापुढे नानांनी कंसात लिहिलं होतं, ‘१३ जूनच्या सुमारास पोरांना घेऊन जाणे. सोपे पडेल.’

१३ जूनला आम्ही दोघं गेलो. ऊन रणरणत होतं. सकाळची सावली पश्चिमेच्या पट्ट्यावर पडली होती. तिची कड लांबून धारदार दिसते. जवळ गेलं की पुसट होते. मी वाकून रेघा मोजल्या, दोनदा चुकले, तिसऱ्यांदा आकडा आला १० वाजून ३३ मिनिटं. हे मोबाइल धरून उभे होते. म्हणाले, “अकरा वाजून एक.” २७ मिळवले तर बरोबर अकरा यायला हवे होते. मी वहीत नानांच्या शेवटच्या नोंदीखाली लिहिलं, ‘१३ जून २०२५. फरक एक मिनिट. वाचण्यात चूक.’

अकरावा धडा मग मीच लिहिला, चार पानांचा. पुस्तकात त्याखाली माझं नाव घालायचं असा वन्संचा हट्ट, तर ‘टिपण नानांचं’ एवढंच घालावं असं माझं म्हणणं. ते अजून मिटलेलं नाही.

२०२५च्या खंडेनवमीला हळदकुंकू कॉम्प्युटरला नाही, टेबलाला वाहिलं. फूलही टेबलावरच. चष्मा लावून मी समोर बसले आणि बटण दाबलं. काळ्या पडद्यावर चार ओळी आल्या, त्या मी एकेक करून वाचल्या. या वेळी एफ-१ कुठेच नव्हतं. थेट हिरवी टेकडी आली.